तुळशीच्या लग्नापर्यंतची शाळा

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या ज्या शाळेत मी काम करते तिथे मला सगळे मावशी म्हणतात. मुलं म्हणतात, त्यांचे आईवडील म्हणतात, मुख्याध्यापिका मॅडम म्हणतात, आणि नातवाला न्यायला येणारे, माझ्याहून कितीतरी मोठे आजोबाही म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. माझं गाव इथून रात्रभराच्या एसटीवर आहे, तिथेही आता नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नाही.

मी जिथे शिकले ते गाव तर त्या जागी नाहीच. भूकंपात पडलं. तेव्हा मी चौथीत होते. शाळा पहाटे पडली, आत कुणी नव्हतं. मग पत्र्याच्या शेड आल्या, पुढे नवं गाव बसलं, आणि लांबच्या कुठल्यातरी शहरातल्या एका शाळेने आम्हाला शाळा बांधून दिली. चांगली बांधली. माझा धाकटा भाऊ तिच्यात शिकून मार्गाला लागला. ती उघडली तोवर मी आईबरोबर ऊसतोडीला जाऊन आले होते, आणि मलाही परत पाठवायचं राहिलंय हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. कुणाचा राग नाही. शहरातल्या त्या शाळेच्या मुलांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचे उपकार मानते. उशीर झाला, इतकंच.

हे सांगायचं कारण असं की एका पावसाळ्यात आमच्याच शाळेवर अशी शाळा बांधायची वेळ आली. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की बरंच पुढे, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. दरड आली, तिच्याबरोबर चिखल आला, आणि चिखलाने शाळेची मागची भिंत आत ढकलली. रविवार होता म्हणून मुलं वाचली. गुरुजी एकटेच, ते वर्ग देवळात भरवू लागले. आमच्या शाळेच्या पालकांनी सभा घेतली. एका मुलाचे वडील इंजिनियर, त्यांनी कागदावर खोली काढली. कुणी पत्रे देतो म्हणालं, कुणी चिरा, कुणी खिडक्या. मॅडमनी विचारलं, "नवरात्रात देऊळ उत्सवाला लागणार. तोवर मुलांनी बसायचं कुठे?"

मागच्या रांगेतून मांडववाले शेठ उठले. त्यांची नात आमच्याकडे तिसरीत. बापजाद्यांची भातशेती होती, जमिनी गेल्यावर त्यांनी मांडवाचा धंदा टाकला.

"मांडव आमी देतो," ते म्हणाले. "पैसं नको. पन तुलशीच्या लग्नापर्यंत. मंग माज्या हलदी चालू होतात, तवा एक पाईप पन नाय भेटनार."

लोक हसले. शेठ हसले नाहीत. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, हे मला इथे आल्यावर कळलं.

शेठच्या पोरांना मांडव घालायची एकच रीत ठाऊक. त्यांनी वाडीत जाऊन गुलाबी पडदे लावले, सोनेरी झालर सोडली, आणि पुढे कमान उभी करून तिच्यावर 'शुभविवाह'ची पाटी चढवली. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका धुतलेली लुगडी नेसून, केसांत फुलं माळून आल्या.

एका म्हातारीने आत डोकावून विचारलं, "नवरी कंची?"

"आजी, हा चौथीचा वर्ग आहे," गुरुजी म्हणाले.

"वर्ग तं वर्ग," म्हणत म्हातारी बसलीच, आणि चहा दिल्याशिवाय उठली नाही. पहिल्या रांगेत, मांडीवर धाकटा भाऊ घेऊन पाटीवर लिहीत होती ती तिचीच नात.

दर रविवारी पालक कामाला जायचे आणि त्यांचा स्वयंपाक करायला मी जायचे. त्या मुलीची आई मला भाजी निवडायला यायची. बोलणं कमी. एकदा म्हणाली, "तुलशीचं लगीन झालं का भट्टीची गाडी येते. आमी दोगं जातो इटा पाडायला, पार पावसापर्यंत. शाला असली तर पोरीला म्हातारीजवल ठेवीन. मास्तर हाय, दुपारचा भात हाय. शाला नसली तर तिला इथं ठेवून काय करू? तिकडं भावाला तरी सांभालंल."

मी मान हलवली.

"होईल का वो, मावशी?"

"होईल," मी म्हणाले. म्हणाले खरं. मी कोण सांगणारी? तेव्हापासून रविवारी भाजीला हात लावायच्या आधी मी भिंत बघून यायचे. पाऊस लांबला तरी मला धास्ती, गवंडी आजारी पडला तरी धास्ती. एका पालकांनी गमतीने विचारलं, "मावशी, कॉन्ट्रॅक्ट तुमचं आहे का?"

दिवाळीच्या सुट्टीत काम उरकलं. पत्रे चढले. आमच्या मुलांनी भिंतीवर विमान काढलं, वाडीच्या मुलांनी विमानाखाली खेकडा काढला. खेकडा मोठा झाला. शेवटच्या रविवारी दाराला लाल रिबीन बांधली, कारण दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे उद्घाटनाला यायचे होते. संध्याकाळी त्यांचा निरोप आला की ते बाहेरगावी अडकलेत, पुढची तारीख कळवतील. सगळे पनवेलला परतले. भांडी शेठच्या टेम्पोतून आणायची म्हणून मी म्हातारीकडे राहिले, आणि शाळेची चावी माझ्याकडे राहिली. पालकांच्या ग्रुपवर ठरलं की उद्घाटन होईपर्यंत खोलीला कुलूप ठेवावं. नवी फरशी आहे, पाहुण्यांपुढे डाग दिसायला नकोत. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. त्यांना भट्टीची गाडी माहीत नव्हती. मी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं.

सोमवार उजाडला तेव्हा तुळशीचं लग्न लागून गेलेलं होतं, सुट्टी संपलेली होती, आणि सगळं एकदम आलं. शेठ मांडव सोडवायला आले. मुलं दप्तरं घेऊन आली. भट्टीचा ट्रक वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. पोरं मांडवात बसली होती तशीच बसून राहिली, आणि त्यांच्या भोवतीने पाईप निघत गेले. पडदे गेले, झालर गेली, ऊन आलं.

मुलीची आई डोक्यावर बोचकं घेऊन आली. मुलीचं बोचकं वेगळं बांधलेलं होतं, ते तिच्या काखेत. तिने कुलपाकडे पाहिलं.

"झाली म्हनं शाला," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तसं असतं तर बरं वाटलं असतं.

शेठ घाम पुसत माझ्याजवळ आले. "बाय, चावी कुनाकडं हाय?"

"माझ्याकडे."

"मंग?"

"कुलूप ठेवायला सांगितलंय. पाहुणे यायचेत."

"आमच्यात नव्या घरात पयला पान्याचा हंडा जातो," शेठ म्हणाले. "पावना मागनं जातो. जेवायला."

मला नोकरीची भीती होती. ती मी लपवत नाही. चौथी शिकलेल्या बाईला या कॉलनीत खुर्ची, पंखा आणि महिन्याचा पगार मॅडमनी दिला होता. मी शाळेच्या पायरीवर गेले, कारण रेंज तिथेच येते, आणि मॅडमना फोन लावला.

"मावशी, ग्रुपवर ठरलंय ना?"

"हो मॅडम."

"मग?"

मी मुलीचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं. फोनमध्ये मागे आमच्या शाळेची घंटा वाजलेली ऐकू आली.

"रिबीन कापू नका," त्या म्हणाल्या.

"नाही."

"ती पाहुण्यांना लागेल. फोटो आहे."

"मग आत कसं जायचं, मॅडम?"

"मुलं केवढी आहेत?"

"माझ्या कमरेएवढी."

"मग मला कशाला विचारताय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी कुलूप काढलं. म्हातारीने पाण्याची कळशी भरून नातीच्या हातात दिली. रिबिनीला धक्का न लावता, कळशी पोटाशी धरून ती वाकून आत गेली. नव्या फरशीवर थोडं पाणी सांडलं. तिच्यामागे एकेक करत सगळी गेली, काही तर मजा म्हणून बाहेर येऊन पुन्हा गेली. गुरुजी उंच, त्यांना बरंच वाकावं लागलं. शेठना पोटामुळे जमेना. "आमी भायेरचे बरे," म्हणून ते पायरीवर बसले.

ट्रकने हॉर्न दिला. मुलीच्या आईने काखेतलं बोचकं पायरीवर ठेवलं, शेठच्या बाजूला. धाकट्याला कडेवर घेतलं. दाराशी जाऊन आत पाहिलं, हाक मारली नाही.

"लक्ष ठेवा वो जरा," ती मला म्हणाली.

"मी पनवेलला असते."

"मंग येत जा," म्हणाली आणि गेली.

पाहुणे बऱ्याच दिवसांनी आले. तोवर रिबीन ढिली पडून मधोमध लोंबत होती, ती मी आदल्या दिवशी ताणून बांधली. फरशी घासली, तरी खडूचे डाग राहिले. पालक आले, त्यांनी डाग पाहिले, माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम विमान आणि खेकडा बघत होत्या. मुलांना बाहेर काढून रांगेत उभं केलं. कात्रीचं ताट त्या मुलीच्या हातात दिलं, आणि पाहुण्यांनी रिबीन कापून तिला विचारलं, "काय बाळ, नवीन शाळा आवडली का?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"नवीन कंची?" ती म्हणाली.

गुरुजी खोकले. मी तिच्या हातून ताट घेतलं आणि ती तिच्या जागेवर जाऊन बसली.