काशीचा सूड

राहनाळच्या काशीची पूर्वी नावाची एकुलती पोर सहाव्या वर्षी गेली. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पोट नगाऱ्यासारखं. नामा भगत म्हणाला, "बाधा हाय. दवाखान्यात नेलीस तर पोर हाती लागनार न्हाय." त्याने तापल्या विळ्याने पोटावर पाच डाग दिले. तेव्हा पोरीचे पाय काशीनेच धरले होते.

चौथ्या दिवशी पूर्वीला हिरवी उलटी झाली, तिच्यातून जंत पडले. ठाण्याला नेईस्तोवर उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, "जंतांनी आतडं बंद केलं होतं. वेळच्या वेळी गोळी मिळाली असती, तर..."

तेराव्याला नामा जेवायला आला. "आईनंच पथ्य मोडलं," असं चारचौघांत म्हणाला. काशीने त्याच्या पानात भात वाढला. मनात म्हणाली, तुझ्या दारात कुत्रं फिरकणार नाही, बघच.

ती आठवी शिकलेली होती. दोन वर्षांनी आरोग्य केंद्राने नेमलेली गावची आशा ताई झाली. वर्षातून दोनदा जंताच्या गोळ्या यायच्या. गोदामावर जाणाऱ्या बायांची पोरं ती आया कामाला निघायच्या आधी गाठायची. "चावून खा. माझ्यासमोर." कुणाचे जंत पडले की नामाच्या ओट्यासमोर उभी राहून त्या पोराच्या आईला मोठ्याने विचारायची, "काय गं, बाधा पडली का?" बायका हसायच्या. अमावस्येला त्याच्या अंगणातली गर्दी आटत गेली. कोंबड्या, नारळ बंद झाले.

पोर गेल्यानंतर सातव्या वर्षी नामाची सून भावना मागच्या दाराने आली. "ताई, माझ्या करिष्माचं पोट दुखतंय. गोळी द्या. मामंजींना कळू देऊ नका."

"त्याच्यासमोरच देईन."

काशी चार बाया घेऊन त्याच्या अंगणात गेली. करिष्माला तिने जवळ घेतलं. पोर पांढरीफटक होती. क्षणभर काशीला वाटलं, जाऊ दे, मरू दे. लगेच तिची तिलाच शिसारी आली. गोळी पोरीच्या हातावर ठेवली, ती चावून होईपर्यंत थांबली. मग नामाकडे वळली.

"माझ्या पूर्वीला काय झालं होतं?"

नामाने नातीच्या पोटाकडे पाहिलं.

"बोल."

"जंत."

"मोठ्यानं!"

"जंत झाले व्हते तिला. माझं चुकलं."

काशीचा राग तरीही निवला नाही. करिष्मा बरी झाली, शाळेत जाऊ लागली. आजही गोळ्या आल्या की काशी आधी नामाच्याच घरी जाते, आणि नातीसाठी पाण्याचा पेला त्यालाच आणायला लावते.