आमच्या खोलीचा शुक्रवार

खोली दाखवण्याआधीच मालकीणबाईंनी मला विचारलं, "संगं बाईमानूस कोण हाय?"

मी ओट्याखाली उभा होतो, हातात पत्र्याची पेटी घेऊन. भाडं किती, गाव कोणतं, वडील काय करतात, या प्रश्नांची उत्तरं मी चाकणहून येताना मनात घोळवून ठेवली होती. हा प्रश्न मात्र माझ्या ध्यानातच आला नव्हता.

पुण्यात कॉलेजजवळ जागा घेणं आम्हाला शक्य नव्हतं. वसतिगृहात माझा नंबर लागला नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, पिंपरीत बघ. स्टेशन जवळ आहे, सकाळच्या गाडीने शिवाजीनगरला जाता येतं, आणि पुण्याच्या निम्म्या भाड्यात खोली मिळते. औषधांचा कारखाना सुरू झाल्यापासून पिंपरीतल्या जुन्या शेतकऱ्यांनी गोठे मोडून खोल्या काढल्या होत्या. ही खोलीही त्यातलीच. एका ओळीत चार खोल्या, टोकाला मालकीणबाईंचं घर, आणि सगळ्यांच्या पुढून जाणारा एकच लांब मातीचा ओटा. माझ्या वाट्याला येणार होती त्या खोलीच्या भिंतीत बैल बांधायची लोखंडी कडी अजून तशीच होती.

मालकीणबाईंनी आदल्या वर्षी ती खोली कंपनीतल्या चार सड्या माणसांना दिली होती. ते तीन शिफ्टमध्ये जायचे. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा निजायचा. "वरीसभर दार लागलं न्हाई का चूल पेटली न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला घर म्हनायचं का? एकट्या गड्याला मी खोली देत न्हाई."

"आई येणार आहे राहायला," मी म्हणालो.

ते वाक्य मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "कांदा उरकला की येऊन बघीन, कसा ऱ्हातोस ते." येऊन बघीन, याचं मी राहायला येणार करून टाकलं. त्या क्षणी मला ते खोटं वाटलं नाही. निदान पूर्ण खोटं वाटलं नाही. आई चाकणच्या बाजारात व्यापाऱ्याकडे कांदा निवडायला बसायची, वडील तिथेच हमाली करायचे, आणि घरात धाकटी बहीण होती. आई कुठे जाणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण ती खोली गेली असती तर माझं कॉलेजही गेलं असतं. फी माफ झाली होती ती पहिल्या वर्षी पास होण्याच्या अटीवर. रोज चाकणहून येऊन-जाऊन ते जमणारं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकलाही बसलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज सुटलं तर पुढे काय, हे विचारायलाही कोणी नव्हतं. पुढे पोतीच होती.

"मग ठीक," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप काढलं.

ओळीचा एक नियम होता. दर शुक्रवारी सकाळी अख्खा ओटा शेणाने सारवायचा. चार खोल्या आणि मालकीणबाईंचं घर मिळून पाच घरं, म्हणून प्रत्येक घराचा पाचवा शुक्रवार. शेण मालकीणबाईंच्या उरलेल्या एका म्हशीचं, हात ज्या त्या घरच्या बाईचे. पहिल्यांदा आमच्या खोलीचा शुक्रवार आला तेव्हा जुलै होता. मी पुस्तक घेऊन आत बसलो होतो आणि बाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. मालकीणबाई स्वतः ओणव्या होऊन सारवत होत्या.

मी दारात आलो. "मावशी, मी करतो," असं म्हणायला हवं होतं. गावाकडे मी कधी पुरुषाला सारवताना पाहिलं नव्हतं, आणि ओट्यावर सगळ्या बाया बसलेल्या होत्या. मी म्हणालो, "आई आली की करील."

"करंल की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ती काय पळून जातीय? तू आपलं वाच."

लुगड्याची गोष्ट ऑगस्टात घडली. आईने तिचं एक जुनं हिरवं लुगडं मला पांघरायला दिलं होतं. ते धुऊन मी दोरीवर वाळत घातलं. संध्याकाळच्या गाडीने परत आलो तर मालकीणबाई लुगड्याची घडी घालत होत्या.

"आई आली व्हती का रं?"

मी हो म्हणालो. काल रात्री उशिरा आली आणि आज पहाटेच गेली, कांद्याचं काम आहे ना, असंही म्हणालो. एवढं सगळं कुणी विचारलं नव्हतं.

"न भेटताच गेली," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला. मी आत गेलो आणि बराच वेळ पुस्तकाचं एकच पान उघडून बसलो.

त्यानंतर त्या जेव्हा आईची चौकशी करत, त्याच्या एक-दोन दिवसांत मी लुगडं भिजवून दोरीवर टाकायचो. ही युक्ती मला सुचली याची मला आज लाज वाटते, आणि त्याहून अधिक लाज याची की ती सुचली तेव्हा मला हुशार झाल्यासारखं वाटलं होतं. शुक्रवार येत होते. कधी मालकीणबाई, कधी शेजारच्या खोलीतली कोकणातली बाई, आमच्या वाट्याचा ओटा सारवून टाकत. शेजारीण एकदा हसून म्हणाली, "तुझ्या आईकडून एकदम वसूल करणार हां आम्ही." मीही हसलो.

एकाच माणसाला संशय आला. पलीकडच्या खोलीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा बायकोमुलांसह राहत. त्यांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. दिवाळीनंतर एका सकाळी मी लुगडं पिळत होतो आणि ते दात घासत उभे होते.

"काय कॉलेजराव, एक गोष्ट सांगा," ते म्हणाले. "हे लुगडं मळतं कधी? आम्हाला तर ते नेहमी ओलंच दिसतं."

मी लुगडं दोरीवर टाकायला वळलो.

"मी कुणाला सांगत नाही," ते चूळ भरून म्हणाले. "पण राव, पंक्चर झाकून सायकल जास्त लांब जात नाही. माझा धंदाच आहे, म्हणून सांगतो."

मी तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. पण सहामाही परीक्षेत माझे इंग्रजीचे गुण वाईट आले होते. पास होईन की नाही याची खात्री नव्हती. मनाशी म्हटलं, मार्चपर्यंत. फक्त मार्चपर्यंत खोली राहू दे, मग मी स्वतः सगळं सांगेन. त्या वेळी मी रोज स्वतःला असंच समजावत होतो.

जानेवारीत मालकीणबाईंचा पुतण्या कांद्याची गाडी घेऊन चाकणला गेला. त्यांनी त्याच्याजवळ निरोप दिला. चाकणच्या बाजारात कांदा निवडणारी, जिचा मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, अशी बाई एकच होती. तिला शोधायला त्याला फार वेळ लागला नसेल. निरोप असा होता की तुम्ही येता आणि न भेटता जाता, हे काही बरं नाही. तुमचे शुक्रवार आम्ही करतोय, त्याचं मनात आणू नका, पण एकदा तोंड दाखवून जा.

मला यातलं काही माहीत नव्हतं. अमावास्येला चाकणचा बाजार बंद असतो. त्या दुपारी मी कॉलेजातून लवकर परतलो, तेव्हा माझ्या दारापुढे ओट्यावर आई बसली होती. समोर मालकीणबाई. मध्ये कांद्यांची एक पाटी. आई एसटीने फाट्यापर्यंत येऊन तिथून चालत आली होती. तिच्या पायांवर धूळ होती आणि बोटं नेहमीसारखी कांद्याच्या सालीने तांबूस झालेली.

मला बघून आई म्हणाली, "ये."

मी पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो.

"मला निरोप आला, म्हून मी आले," आई म्हणाली. "ह्या म्हनत्यात मी लई येळा येऊन गेले. कवा आले रं मी?"

मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आधीच ओळखलं होतं, हे मला त्यांच्या बघण्यावरून कळलं. तरी त्या वाट बघत होत्या. मला वाटतं, मी तेव्हा काहीतरी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. शेजारीण दारात आली होती. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिलो.

"आल्या असाल," मालकीणबाईच हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

त्यांनी मला ही वाट काढून दिली होती. आईलाही दिली होती. आई नुसतं हो म्हणाली असती तरी चाललं असतं. खोली राहिली असती.

"न्हाई बाई," आई म्हणाली. "मी आज पयल्यांदा आले. आन मला ऱ्हायला यायला जमायचं न्हाई. घरी पोरगी हाय, मालक हायेत. त्यानं तुमाला कायबी सांगितलं असंल, पर मी यायची न्हाई."

मालकीणबाईंनी पाटीतला एक कांदा उचलला, पुन्हा ठेवला. "मग लुगडं?"

"माझंच हाय. पांघराया दिलं व्हतं."

शेजारणीने पदर तोंडाला लावला. ती हसली की काय, मला नीट दिसलं नाही.

"किती शुक्रवार झालं?" आईने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या ते."

"किती झालं, सांगा."

"सहा," शेजारीण म्हणाली.

आईने लुगड्याचा काचा घट्ट केला आणि म्हशीकडे निघाली. मालकीणबाई तिला अडवायला उठल्या, "आवं, आज काय शुक्रवार हाय का? पावण्या तुमी," पण आईने ऐकलं नाही. तिने शेण कालवलं आणि मालकीणबाईंच्या दारापासून सुरुवात केली. अर्धगोल, त्याला लागून अर्धगोल, त्याला लागून पुढचा. आमच्या घरातली जमीन अशीच दिसते. चाचांच्या दारापर्यंत आल्यावर तिने पांढरी माती मागून घेतली आणि कडेने बोटभर रुंद किनार ओढली. दुपार सरत आली होती. तिची गाडी संध्याकाळची होती. मी बादल्यांनी पाणी आणून देत होतो.

हात धुतल्यावर ती मालकीणबाईंना म्हणाली, "सा काय एका दिसात फिटत न्हाईत. उरलं ते ह्यो फेडंल. खोलीचं तुमी बघा."

फाट्यापर्यंत मी तिला पोहोचवायला गेलो. वाटेत एवढंच म्हणाली, "माझ्या नावावर कशाला सांगितलंस? मी काय मेले व्हते का इचारायला?"

मी परत आलो तेव्हा मालकीणबाई ओट्याच्या टोकाला बसल्या होत्या. काय बोलायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. "परिक्षा होऊस्तवर ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मग खोली मोकळी कर. आन तुझा शुक्रवार तू करायचा."

"हो, मावशी."

"मला मावशी म्हनू नगंस," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. कपडे उचलून आत जाताना म्हणावं तसं.

फेब्रुवारीतला शुक्रवार मी केला. ओट्यावरच्या बाया आत निघून गेल्या, बहुधा मला बरं वाटावं म्हणून. चाचा सायकल बाहेर काढताना थांबले. "उलट्या दिशेने चाललात, राव. दारातून बाहेर यायचं. नाहीतर शेवटी आतच अडकाल." मी पुन्हा सुरुवात केली. माझे अर्धगोल एकमेकांना लागत नव्हते, मध्ये कोरडी माती राहत होती. आधी हसण्या-बोलण्याने भरलेला ओटा मी असलो की गप्प असायचा. पहिल्यापासून मला घरोघरून भाकरी-कोरड्यास यायचं; ते कुणी बंद केलं असं नाही, पण आता पोर वाटी दारात ठेवून निघून जायचं.

मार्चअखेरीस आमच्या खोलीचा शुक्रवार पुन्हा आला आणि त्याच दिवशी माझा इंग्रजीचा पेपर होता. उजाडायच्या आधी मी शेण कालवलं. निम्मा ओटा झाला होता तेव्हा मालकीणबाई दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टेशनच्या बाजूला.

"गाडी चुकंल तुझी."

"थोडंच राहिलंय."

"जा. उरलेलं आल्यावर कर."

मी हात धुऊन पळत निघालो. पेपर लिहिताना माझ्या नखांत हिरवा रंग होता आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा मधून मधून नाक मुरडत होता. पेपर बरा गेला, असं तेव्हा वाटलं. पुढे निकालात ते खरंही ठरलं.

संध्याकाळी परतलो. जानेवारीपर्यंतचे सहा शुक्रवार बहुतेक असे गेले होते की मी परत यायचो तेव्हा ओटा सारवून वाळलेला असायचा, आणि कुणी केला हे मी विचारतही नसे. त्या दिवशी ओटा मी सोडला होता तसाच होता. मालकीणबाईंच्या दारापासून निम्मा ओला होऊन वाळलेला, पुढचा निम्मा कोरडा, आणि मध्ये माझ्या घाईत उमटलेला माझाच एक पाय. बाया ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. माझ्यासाठी त्यांनी पाय वर घेतले.

मी पिशवी आत जाऊन बैलाच्या कडीला अडकवली, आणि बादली घेऊन बाहेर आलो.