मागचे टायर

नीलम साळवे घाटकोपरला भटवाडीत राहते आणि एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. उजवीकडे शिकणारा, डावीकडे ही. तिच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दहा वर्षं रोज आठ तास तिचा पाय त्या ब्रेकवर अधांतरी असतो. समोरच्याला कळू न देता किती दाबायचं आणि किती सावकाश सोडायचं, हे तिच्या पायाला पाठ झालंय.

मी विकी. मालाडला कुरिअरच्या ऑफिसात कामाला आहे. आमची ओळख ऑनलाइन रेसिंगमधली. कॉम्प्युटरसमोर स्टिअरिंग आणि पेडल लावायचे आणि खऱ्या ट्रॅकच्या हुबेहूब नकलेवर शर्यत खेळायची. नीलमचं स्टिअरिंग आईच्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर बोल्टने आवळलेलं. पेडल मागे सरकू नयेत म्हणून त्यांच्यामागे तांदळाचा पत्र्याचा डबा.

आमची तिघांची टीम होती: मी, नीलम आणि बोरिवलीचा सर्वेश परब. सर्वेश कॅप्टन. दिसायला झकास, बोलायला त्याहून झकास. पण शर्यतीसाठी गाडी तयार करायची नीलम. टायरमध्ये हवा किती, मागच्या पंखाचा कोन किती, पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेक कसा वाटायचा, हे सगळं ठरवून ती फाइल बनवायची. त्याला सेटअप म्हणतात. एका ट्रॅकसाठी ती दोन-दोनशे फेऱ्या मारायची आणि प्रत्येक फेरीनंतर चारही टायर किती तापले ते वहीत लिहायची.

गेल्या वर्षी आम्ही लीग जिंकलो. लाइव्ह मुलाखतीत सर्वेशला विचारलं, सेटअप कोणाचा? त्याने कॅमेऱ्यासमोर वहीचं एक पान धरलं. म्हणाला, "माझा. चार महिने घासलोय यार." अक्षर नीलमचं होतं. र खाली लांब ओढायची तिची सवय मला माहीत होती.

"आणि नीलम?"

"ती आकडे लिहून ठेवते. हेल्पर म्हणा ना."

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. हसलो.

नीलम घरी आई कमलमावशींबरोबर तो कार्यक्रम बघत होती. नातेवाइकांना फोन करून बघायला सांगितलं होतं. आठवड्याने सर्वेशने तिला टीमच्या ग्रुपमधून काढलं. कारण दिलं, "नव्या सीझनला फास्ट ड्रायव्हर पाहिजे."

मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती रडत नव्हती. दारातच मावशी म्हणाल्या, "ये रे. तू पण हसत होतास ना?" मी मान खाली घातली.

"सोडून दे नीलम," मी म्हटलं. "तो तसाच आहे."

"मी सोडणार नाही," ती म्हणाली. "मला त्याची माफी नकोय. त्याने त्याच तोंडाने सांगायला पाहिजे. सगळ्यांसमोर."

नव्या सीझनला ती एकटीच उतरली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दीड तास सराव. मला तिने एकच प्रश्न विचारला होता, "माझा जुना फोल्डर तो अजून उघडतो का?" उघडायचा. टीमचा तो शेअर केलेला फोल्डर तिने कधी बंद केला नव्हता आणि सर्वेश दर शर्यतीच्या आधी त्यातून फाइल उचलायचा. मी अजून त्याच्याच टीममध्ये होतो, तरी खरं सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

फायनल मालाडला एका गेमिंग सेंटरमध्ये होती, रविवारी दुपारी. बारा मशीन एका ओळीत, मागे प्रेक्षक, लाइव्ह कॅमेरा. आमच्या टीमकडून सर्वेश खेळत होता, मी प्रेक्षकांत होतो. पंचवीस फेऱ्या, मध्ये टायर बदलणं नाही. नियम असा की क्वालिफायिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या एका वेगवान फेरीला, जो सेटअप लावाल तोच शर्यतीत. नंतर हात लावायचा नाही.

क्वालिफायिंगला सर्वेश पहिला आला. उठून त्याने दोन्ही हात वर केले. नीलम चौथी.

"त्याने तुझीच फाइल लावलीय," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"माहितीये. एका फेरीसाठी बनवलेली आहे." ती हातमोजे चढवत होती. "टायरमध्ये हवा जास्त, मागची बाजू ताठ. पहिल्या फेरीपासून गाडी पाण्यासारखी वळते. आठ फेऱ्यांनी मागचे टायर भाजून निघतात. सलग दहा फेऱ्या सराव केला असता तर त्याला कळलं असतं."

"तू मुद्दाम ठेवलीस?"

"माझ्या फोल्डरमध्ये माझी फाइल. मी त्याला दिली का?"

शर्यत सुरू झाली. सर्वेश चार सेकंद पुढे गेला. तो उशिरा ब्रेक मारायचा, जोरात, आणि चाक वळलेलं असतानाच ॲक्सिलरेटर दाबायचा. ताज्या टायरवर ते खपून गेलं. नीलम मात्र वळणाच्या आत शिरेपर्यंत ब्रेक दाबून ठेवायची आणि स्टिअरिंग जसं वळेल तसा तो हळूहळू सोडत जायची. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर टिकायचं आणि मागच्यांना त्रास व्हायचा नाही.

नवव्या फेरीत सर्वेशची गाडी पहिल्यांदा मागून सरकली. बाराव्यात तो ओरडायला लागला, "काय झालंय हिला? वाट लागली साली!" तेराव्या फेरीत नीलम त्याच्या मागे येऊन चिकटली.

तेव्हाच ती पुढे जाऊ शकली असती. सरळ रस्त्यावर दोनदा जागा होती. ती गेली नाही. तीन फेऱ्या ती त्याच्या आरशात राहिली. प्रत्येक वळणावर नाक दाखवायची आणि मागे घ्यायची. तो दचकायचा, घसरायचा, सावरायचा. दोघांच्या मशीनच्या मध्ये एकाच खुर्चीचं अंतर होतं. नीलम मान न वळवता, शिकणाऱ्याशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "सर्वेश, मागचे टायर बघ. किती तापलेत?"

त्याच्या कपाळावर घाम होता. मला त्याची दया आली, तिला नाही आली.

तेवढ्यात मुलुंडचा एकजण दोघांना बाहेरून मागे टाकून गेला. नीलमने त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढच्या फेरीत तिने सर्वेशला आतून ओलांडलं. तो चवताळला आणि पुढच्याच वळणावर तिला ठोकायला आत घुसला. तिने आतली बाजू मोकळी सोडली आणि क्षणभर उशिरा वळली. तो तिच्या समोरून आडवा सरकत गेला आणि थेट ट्रॅकबाहेरच्या खडीत रुतला.

मुलुंडवाला जिंकला. नीलम दुसरी, सर्वेश अकरावा.

हेडफोन आपटून सर्वेश पंचांच्या टेबलाकडे धावला. लीगच्या पंच क्षमा राणे. कॅमेरा चालूच होता.

"मॅडम, हिने चीटिंग केलीय! फाइलमध्ये गडबड करून ठेवली!"

"कुठल्या फाइलमध्ये?"

"सेटअपच्या!"

"तिच्या गाडीच्या?"

"नाही, माझ्या..." तो थांबला.

"तुमच्या गाडीची फाइल तिने कशी बनवली?" क्षमाताईंनी शांतपणे विचारलं.

नीलम त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "सांग ना रे. सेटअप कोणाचा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी हसलो नाही.

"तिचा," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीचा?"

"...तो पण."

नीलमने बॅग उचलली आणि बक्षीस न घेताच निघाली. जिन्यात मी तिला गाठलं. "तीन फेऱ्या वाया घालवल्यास. जिंकली असतीस ना!"

"मला पहिलं यायचंच नव्हतं."

मग मी माफी मागितली, त्या मुलाखतीच्या दिवसाबद्दल. ती एक पायरी खाली थांबली.

"तू त्या दिवशी एक वाक्य बोलला असतास, विकी," ती म्हणाली, "तर माझं वर्ष यात गेलं नसतं."

दिवाळीनंतर तिने स्वतःची टीम काढली. मी चाचणीला गेलो आणि आलेल्या पाचजणांत सगळ्यात कमी वेळ माझाच होता. तिने तो वहीत लिहिला, माझ्यासमोरच, आणि माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी हळू असलेल्या दिशा नावाच्या मुलीला घेतलं. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.