टॅफी म्हणायचे त्याला

इंग्लंडात, स्लाऊच्या गोदामात माझ्यासमोर खोकी बांधायला एक वेल्सचा माणूस होता. वेल्सच्या कुणालाही इथले लोक टॅफी म्हणतात. मीही म्हणायचो.

"आमच्याकडं डेव्हिडला डॅव्हिथ म्हणतात, त्याचं तुम्ही टॅफी केलंत," तो एकदा म्हणाला. "कुणी म्हणतं आमच्याकडच्या एका नदीच्या नावावरून आलं. माझं नाव काही डॅव्हिथ नाही."

मग खरं नाव काय, ते मी विचारलं नाही. माझं नाव मात्र सुपरवायझरशी भांडून सगळ्यांना पुरतं म्हणायला लावलं होतं. पहिल्यांदा नीट उच्चारलं ते त्यानंच.

त्याची बायको वारली त्या डिसेंबरात तो माझ्या टेबलाशी आला. वर्ष सरताना त्यांच्याकडं घरी टॉफी करतात, तिलाही टॅफीच म्हणतात. हाताला लोणी चोळून गरम पाक दोघांनी दोन टोकांनी ओढायचा, सोनेरी दोर होईपर्यंत.

"एकट्याला ओढता येत नाही, धोंडिराम. येशील?"

इथं मला कुणी घरी बोलावलं नव्हतं. बाकीचे ऐकत होते, म्हणून मोठ्यानं म्हणालो, "टॅफीला बाई मिळंना, आता मला बोलावतोय!"

सगळे हसले. तोही हसला, आणि दोन्ही तळहात पँटीला पुसत जागेवर गेला.

मार्चमध्ये त्यानं काम सोडलं. निरोपाच्या कार्डावर सगळ्यांनी टॅफी लिहिलं. मला माफी लिहायची होती, पण वर नाव काय घालू? तो समोरच उभा होता, विचारता आलं असतं.

मी नुसती सही केली.