पिंजऱ्यातली कोंबडी

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक... यांचा मेळ बसला पाहिजे. बसला नाही तर कुणीतरी कुठेतरी चुकलंय, एवढंच मी मानते. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना 'हा इथे चुकला असेल' असं मनात चालूच असतं. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला वर्ष लागलं. चूक सापडली की लिहू, असं ठरवलं होतं. सापडली नाही.

माझे बाबा महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहतात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. आई गेल्यापासून एकटेच. आयुष्यभर ते एका थिएटरात डोअरकीपर होते. दारावरच्या माणसाला पिक्चरची सुरुवात दिसते आणि शेवट दिसतो, मधल्या वेळात तो बाहेर. घरी येऊन बाबा स्टोरी सांगायचे तेव्हा मधलं सगळं त्यांच्या पदरचं. आम्ही नंतर तो पिक्चर पाहिला की भलतंच निघायचं. आई म्हणायची, "तुमच्या पिक्चरातली हिरोईन कधी जेवतच नाही, नुसती पळून राहते."

मागच्या उन्हाळ्यात बाबांनी दोनदा गॅस चालू ठेवला. एकदा भाजी आणायला निघाले आणि जिथे त्यांचं थिएटर होतं त्या जागेसमोर जाऊन उभे राहिले. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. डॉक्टर म्हणाले, विसरणं सुरू झालंय, पण किती ते आत्ताच सांगता येणार नाही. एकटं ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. माझा धाकटा भाऊ सुधीर पुण्याहून आला तो ठरवूनच. परतीची दोन तिकिटं काढून.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं तर्री-पोहे खात बसलो होतो.

"मी नाही येत गा पुण्याले," बाबा म्हणाले. "तिथं लोक दारं लावून बसतात."

"बाबा, तुम्हाला काही आठवत नाही. आणि जे आठवतं ते तुम्ही रचलेलं असतं."

"काय रचलं? विचार मले. काहीबी विचार."

सुधीरने चमचा खाली ठेवला. "त्या पाववालीचं काय झालं होतं?"

हे वाचकांना सांगायला हवं. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. एक म्हातारा प्रोफेसर आणि त्याची भाची एका जुन्या लिफ्टमधून वेगवेगळ्या काळात जायचे. (नाव देत नाही, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये मालिकेचीच चर्चा होईल.) टीव्ही शेजारच्या डोंगरे काकूंचा. गल्लीतली सगळी मुलं तिथे, आणि ड्यूटी दुपारच्या शोपासून असायची म्हणून सकाळी मोकळे असलेले बाबाही. सगळं इंग्रजीत. कळायचं कुणालाच नाही, पण दिसायचं.

एका भागात लिफ्ट फ्रान्सच्या राज्यक्रांतीत उघडली. एका पाववालीने प्रोफेसरला आणि भाचीला आपल्या भट्टीमागे लपवलं. ते वाचले, ती पकडली गेली. तिला गाडीत उभं करून गिलोटिनकडे नेत होते, रस्त्यात गर्दी ओरडत होती... आणि लाइट गेली.

लाइट गेली की आमच्या गल्लीत एकच गोष्ट व्हायची. सगळे बाहेर. फक्त आपली गेली की सगळ्यांचीच, हे पाहायला. "तुमच्याकडं आहे का वं?" या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात उन्हाळा, कूलर बंद, खिडकीला खसाची ताटी, म्हणजे दिवसाही आत अंधार. आत थांबणार कोण?

लाइट दुपारनंतर आली. पुढच्या रविवारी दुसरीच गोष्ट सुरू झाली. पण सुधीर त्याच दिवशी, लाइट यायच्या आधीच, जेवायला बसेना. तेव्हा तो सात वर्षांचा होता. "तिला मारलं का?" एवढंच विचारत होता. बाबा ड्यूटीचा शर्ट घालत होते. ते त्याच्याजवळ बसले.

"नाही गा. कुठं मारलं? वळणावर गाडीचं चाक निघालं. तिथं न्हाव्याचं दुकान. न्हाव्यानं तिले आत ओढलं, खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती चादर बांधली अन् तोंडाले फेस फासला. शिपाई आत पाहतात तर एक माणूस दाढी करून राहिला. गेले पुढं! दुकानात पिंजरा टांगला होता, त्यात कोंबडी."

"पिंजऱ्यात कोंबडी कशाला?"

"मले काय माहीत? होती."

सुधीर जेवला. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही साबणाचा फेस तोंडाला फासून 'पाववाली' खेळायचो आणि आईचा मार खायचो.

तर त्या शनिवारी बाबांनी हेच सगळं पुन्हा सांगितलं. चाक, न्हावी, चादर, फेस, कोंबडी.

"बघ ताई," सुधीर मला म्हणाला, "हेच म्हणतोय मी. लाइट गेली होती, शेवट कुणीच पाहिला नाही. यांनी माझी समजूत काढायला रचला. आणि आता यांना तो पाहिल्यासारखा वाटतो."

"लाइट कुठं गेली होती?" बाबा म्हणाले. "पाहिला मी."

सुधीरने मोबाइल काढला. त्याला वाईट हेतू नव्हता. बाबांना समोर दाखवलं की ते ऐकतील, एवढंच. जुन्या मालिका लोक इंटरनेटवर टाकतात. हा भाग सापडला. त्याने तो टीव्हीवर लावला आणि पुढे पळवत गाडीपर्यंत आणला.

बाबा पोहे खात होते. टीव्हीकडे त्यांची पाठ होती. गर्दीचा आवाज आला तसे म्हणाले, "आता चाक पाहा."

चाक निखळलं. एक दार उघडलं, एका हाताने तिला आत ओढलं. खुर्ची, चादर, फेस. दोन शिपाई डोकावून गेले. मी म्हणाले, "थांबव." त्याने चित्र थांबवलं. न्हाव्याच्या डोक्यामागे वेताचा पिंजरा टांगलेला होता.

त्यात कोंबडी होती.

"पोहे थंडे होऊन राहिले तुमचे," बाबा म्हणाले.

मग मी माझ्या पद्धतीने मेळ घालायला बसले. बाबांनी तो भाग आधी कुठे पाहिला असेल? थिएटरात मालिका लागत नाहीत, आणि आपल्याकडे टीव्हीवर तो पहिल्यांदाच लागला होता. नंतर कधी पाहिला असेल? पण त्यांनी सांगितलं ते त्याच दिवशी, लाइट यायच्या आधी. कुठे वाचलं? बाबांना इंग्रजी येत नाही. योगायोग? चाक चालेल. न्हावीही ओढूनताणून चालवला. कोंबडीपाशी मी अडकते. राहता राहिलं एकच... लाइट गेलीच नसेल, आम्हीच चुकत असू.

म्हणून डोंगरे काकूंना विचारायला गेले. त्यांचं वय झालंय, पण जीभ शाबूत आहे.

"गेली नव्हती म्हणते? टीव्ही माझा, लाइट माझी, अन् मले माहीत नाही? सारी गल्ली बाहेर होती. एक तुझा बाप सोडून."

"म्हणजे?"

"तो आलाच नाही बाहेर. मी आवाज देऊन राहिली, 'भाऊजी, आत शिजता काहून?' तर बंद टीव्हीसमोर बसलेला. मले हातानं म्हणते, थांबा. मले वाटलं, झोप लागली असंन."

मी घरी येऊन हे सुधीरला सांगितलं. तो बराच वेळ टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहत बसला. मग त्याने एक तिकीट रद्द केलं. मी म्हटलं, गॅसचं काय? कोंबडीने गॅस बंद होत नाही. तो म्हणाला, "नाही होत. पण त्यांना काही आठवत नाही म्हणून घेऊन चाललो होतो ना मी? आता ते कोणत्या तोंडाने म्हणू?"

आता इंडक्शनची शेगडी आहे, स्वयंपाकाला बाई येते, मी कारखान्यातून परतताना रोज डोकावते. विसरणं चालूच आहे. गेल्या महिन्यात बाबांनी मला दोनदा माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. पुण्याचा विषय कधीतरी पुन्हा निघेल, हे मला कळतं. त्या दिवशी तो टळला, इतकंच.

निघताना सुधीर बाबांच्या पाया पडला आणि तसाच बसून राहिला. "बाबा, खरं सांगा. त्या दिवशी अंधारात तुम्ही काय पाहत होते?"

बाबांनी जरा आठवल्यासारखं केलं.

"अंधार कुठं होता गा? चांगला रंगात आला होता पिक्चर. तुम्ही सारे उठून बाहेर काहून पळाले, हेच मले आजपर्यंत समजलं नाही."

आम्ही बाहेर का पळालो ते मी सांगू शकते: लाइट गेली होती. आत काय चालू होतं, ते मला अजून सांगता आलेलं नाही.