झेंडूच्या माळा घालून उकळलेली मोटर: अमरावती ते अकोला

अमरावतीहून अकोल्याला जायचं असेल तर आगगाडीनं जावं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे शहाण्या माणसांना पुढचं वाचायचा त्रास नको. बडनेऱ्याला डब्यात बसावं, एक डुलकी काढावी, अकोल्याला उतरावं. पण ज्यांच्या मामानं नवी, म्हणजे दुसरा कोणी वापरून कंटाळला अशी, मोटर घेतली आहे, त्यांच्या नशिबात असलं सुख नसतं.

माझा मामा संत्र्याची दलाली करतो. आमची सगळी माळ्यांची घरं. त्याच्या बापानं जन्मभर मोट हाकली आणि मामा आता मोटर बाळगतो. हाकतो मात्र मी. पगारी ड्रायव्हर होता, पण मामा त्याला पगाराऐवजी संत्री द्यायला लागला तेव्हा तो भला माणूस निघून गेला. मी कॉलेज मधेच सोडून मामाच्याच घरी बसलेला, तर्कशास्त्राच्या तासाला मोटरीखाली लोळून जे काय शिकलो तेवढंच माझ्यापाशी. मामा म्हणाला, "कॉलेज तं बुडवलंच, आता हातात चक्र तरी धर."

फाल्गुन सरत आला होता. एका संध्याकाळी मामानं जाहीर केलं की उद्या अकोल्याला जायचं, दिगूसाठी मुलगी पाहायला. दिगू म्हणजे मामाचा मुलगा. बी. ए. झाल्यापासून तो पुणेरी बोलतो. राग आला की वऱ्हाडी उघडी पडते. मुलगी कोणाची, असं मी उगाच विचारलं.

"सखारामजी बागवाल्याची. कुसुम. मागं शेजारी राहे ना तिच्या मावशीकडं, शाळेसाठी? तेच."

तेच! दोन्ही घरांच्या मधे एक विहीर, तिच्या काठावर दोन वर्षं मी त्या मुलीशी भांडलो होतो. माझी पुस्तकं ती भिंतीवरून नेई आणि वाचून परत देताना "यात काही दम नाही" म्हणे. दिवाळीत तिच्या बापानं तिला अकोल्याला नेलं आणि मला कॉलेजात एकाएकी काही दम दिसेना. यातलं मामाला काही ठाऊक नव्हतं, दिगूला तर स्वतःपलीकडचं काहीच ठाऊक नसतं. वर मामानं हेही सांगितलं की परवा खामगावचे लोक त्याच मुलीला पाहायला येणार, म्हणून आपण उद्याच उरकून टाकू. म्हणजे मोटर पोचली तर कुसुम दिगूची, न पोचली तर खामगावची. रात्रभर तळमळून मी ठरवलं की मोटर पोचवायची आणि अकोल्यात सगळ्यांसमोर सखारामजींना सांगायचं, ही मुलगी मला द्या. काय करतोस विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार केला नव्हता. तो आपला स्वभाव नाही.

आता प्रवासाची तयारी. मोटरनं जाणाऱ्यांनी हे तरी वाचावं. सकाळी यंत्र गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का ते पाहावं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहावा. फार ढिला नको, फार ताठ नको. रबरी नळ्या चिरल्यात का, तेही. जाळीत अडकलेली पाखरं, किडे, गवताच्या काड्या ब्रशनं काढाव्यात, कारण समोरून वारा आत शिरला तरच आतलं पाणी निवतं. आणि पुढच्या कडीला पाण्यानं भरलेली छागल टांगावी. कॅनव्हासची ती पिशवी दिसते गबाळी, पण वऱ्हाडच्या उन्हात तिच्याइतकं सोबतीचं कोणी नाही.

हे सगळं मी केलं. तोंड धुऊन परत येतो तो मोटरीचं तोंड दिसेना. मामीनं आणि मामानं मिळून जाळीवर झेंडूच्या चार पदरी माळा बांधल्या होत्या, वर आंब्याच्या डहाळ्या, मधोमध नारळ. माळ्याच्या घरी फुलांना काय तोटा? आणि छागल काढून कोपऱ्यात फेकलेली.

"मामा, वारा अडते. मोटर तापन."

"शुभ कामाले चाल्लो बाप्पा. शकुनाचं हाय ते."

"शकुन मागं बांधा ना! आन छागल?"

"ते मढं घेऊन पोरगी पाहाले जाऊ? लोक म्हनतीन पानी भरनारा पानक्या आला."

मी आवाज चढवला, मामानं माझ्यापेक्षा चढवला. मामी मधे पडली, "जाऊ द्या, सकाळी सकाळी कावून कचकच?" मी म्हटलं ठीक आहे. मोटर मामाची, मुलगा मामाचा, शकुन मामाचा. हँडल मारलं आणि निघालो.

बडनेऱ्यापर्यंत रस्ता बरा. स्टेशनाबाहेर आलूबोंडा खाल्ला, एका आण्यात पोट भरतं. मामानं तिथं चार ओळखीच्यांना मोटर दाखवली. त्यांनी फुलांकडं पाहून "पोरगं पसंत झालं का?" विचारलं, दिगू लाजला. पुढं मूर्तिजापूरकडं खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस वेचून मोकळं झालेलं काळं रान, बैलगाड्या अशा निवांत की आपल्याआधी जन्मल्या आणि आपल्यानंतरही चालतील. धुळीसाठी तोंडाला फडकं बांधावं. दिगूनं बांधलं नाही, कारण त्यानं चेहऱ्याला काहीतरी लावलं होतं. मूर्तिजापूर येईस्तोवर त्याचा रंग रस्त्याचा झाला.

मूर्तिजापूरला झाडाखाली थांबून भाकर, चून म्हणजे आपलं पिठलं, आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. बोनेटजवळ गेलो तर भट्टीसारखी धग. पुन्हा म्हटलं, माळा काढू. मामा म्हणाला, "आता काय, पोचलोच." अर्धा रस्ता अजून बाकी होता.

बोरगावच्या अलीकडं समोरून पहिली वाफ निघाली. मग सूं सूं आवाज, मग झेंडूच्या आतून असा धूर की मोटरीनंच होम मांडलाय. मी मोटर बाभळीच्या सावलीला लावली, यंत्र बंद केलं आणि ओरडलो, "कोनी हात लावू नका!"

ज्याला लावू नका म्हणावं तोच लावतो. दिगू टुणकन उतरला, माळा ओरबाडून फेकल्या (आता!) आणि खिशातला रेशमी रुमाल काढून झाकणाला भिडला. "पाणी घालावं लागेल, वेळ होतोय," म्हणे, पुणेरीत. मी पाहत होतो. नवा कोट, नवा फेटा, समोर वाकलेलं तोंड. आत उकळतं पाणी दाबून बसलेलं, झाकण अर्धं फिरलेलं. एका क्षणाचंच काम होतं आणि त्या तोंडाला अकोल्यातच काय, अख्ख्या वऱ्हाडात कोणी पसंत केलं नसतं. मोटर माझी नव्हती, माळा माझ्या नव्हत्या, सांगायचं ते मी सांगून झालं होतं.

मी त्याच्या कमरेला विळखा घालून त्याला मागं ओढलं. झाकण उडालं, उकळत्या पाण्याचा फवारा बाभळीच्या शेंड्याला गेला आणि जाता जाता माझा उजवा हात कोपरापर्यंत पोळून गेला. दिगू धुळीत बसलेला.

"कोट खराब केला ना बे माह्या!" म्हणाला. वऱ्हाडी उघडी पडली होती.

तर वाचकहो, गरम मोटरीचं झाकण उघडू नये. यंत्र बंद करून बसावं, चिलीम ओढावी, भांडावं, पण झाकणाला हात लावू नये. चांगलं निवलं की गोणपाटाची जाड घडी ठेवून, तोंड बाजूला करून, आधी थोडंसंच फिरवावं. उरलीसुरली वाफ जाऊ द्यावी, मग काढावं. पाणीही हळूहळू, यंत्र चालू ठेवून घालावं. तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं की ते तडकतं, आणि तडकलं की बैलजोडी लावून मोटर घरी न्यावी लागते.

हात फुंकत बसलो असता शेतातल्या घरातून एक बाई आल्या, डोक्यावर कळशी. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे पण तोंडात धरवत नाही. गोडं पाणी लोक कुठून कुठून बैलगाडीनं आणतात आणि घरात तुपासारखं वापरतात. पाहुण्याला प्यायला गोडं, बाकी सगळ्याला खारं, हा इथला रिवाज. बाई म्हणाल्या, "घ्या भाऊ, प्या. हे गोडं हाय. मोटरीले आमच्या हिरीचं देतो, कितीबी घ्या."

मी म्हटलं, "चालते बाई, खारंच द्या. आजच्यापुरतं भागन, घरी गेल्यावर धुऊन काढतो."

"खारं? या मोटरीत?" दिगू उठला. "किंमत माहीत आहे का हिची?" आणि मी हात पुढं करेपर्यंत त्यानं ती कळशी बाईंच्या हातातून घेऊन यंत्रावर उपडी केली. डाव्या हातानं मी कळशी धरली तोवर निम्मी गेली होती, उरलेली जमिनीत. लोखंड चरचरलं, आम्ही सगळे श्वास रोखून उभे. तडकलं नाही. अक्कल कामाला न आल्यामुळं नशीब आलं.

बाई कळशी उलटी धरून उभ्या. "प्याचं होतं ना ते," एवढंच म्हणाल्या. "पान्याची गाडी परवा येईन आता."

मामा खाली पाहत होता. मोट हाकणाऱ्याचाच मुलगा तो, त्याला कळलं नाही असं नाही. पण तो धोतराची धूळ झटकत राहिला. मग मी बोललो, आणि काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. बोलून झाल्यावर मागच्या सीटवरची संत्र्यांची करंडी, सखारामजींसाठी मामानं एकेक निवडून भरलेली, उचलली आणि बाईंच्या पायापाशी ठेवली. "लेकरांना द्या. रस तरी गोडा हाय."

"अबे! ते भेटीची हायेत!" मामा म्हणाला.

"मंग भेटच देऊन राहिलो."

यंत्र पुरतं निवल्यावर बाईंच्या विहिरीचं खारं पाणी पंच्यातून गाळून घातलं, माळा तिथंच टाकल्या आणि वारा खात निघालो. अकोल्यापर्यंत मोटर अशी शहाण्यासारखी चालली की तिलाच बी. ए. द्यावी.

सखारामजींचा मळा मोर्णा नदीच्या काठी. आजूबाजूला सगळं खारं, यांची विहीर गोडी. वांगी, कोथिंबीर, मोगरा, सगळं त्या एका विहिरीवर. पोहे आले, शेवया आल्या. सखारामजींनी उशीर का झाला विचारलं. मामा गुळमुळीत बोलत होता, पण दिगूला आपला पराक्रम सांगायचा होता. मोटर कशी उकळली, आपण कसं प्रसंगावधान राखलं, कळशीभर पाणी ओतून यंत्र कसं थंड केलं.

"कोन्तं पानी?" सखारामजींनी विचारलं.

"एका बाईनं आणलेलं. गोडं होतं, सुदैवानं. यानं मात्र मागून खारंच भरलं."

सखारामजींनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोहे घ्या अजून." पण वाढायला कोणी उठलं नाही.

मी बाहेर मोटरीपाशी आलो. ठरवलं होतं तसं आता आत जाऊन बोलायचं, एवढाच दम घ्यायला. तेवढ्यात कुसुम आली, कळशी आणि गाळायचं फडकं घेऊन. "बाबानं पाठवलं. मोटरीतलं खारं काढून हे भरा म्हने." माझ्या हाताकडं पाहिलं. "हे काय?"

"दिगूचं तोंड वाचवलं."

"कावून?"

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तुमच्या वडलांशी बोलतो. सगळ्यांसमोर."

तिनं रेडिएटरकडं बोट केलं. "हे झाकन काढता आत्ता?"

"नाही. निवू द्यावं लागते."

"मंग बाबाले पन निवू द्या. आत्ता तुमच्या घरच्या कोनाचंबी तोंड नाही पाहाचं त्याले. आन कॉलेज कावून सोडलं?"

"तुम्ही गेल्या म्हणून."

"हे कारन बाबाले सांगता का?" ती हसली नाही. मग जरा हसली. "जूनमंदी पुन्हा जा. मंग या."

"आणि उद्याचे खामगावचे?"

"त्याइचं मी पाहीन."

परतीचा रस्ता तोच, फक्त मामा आणि दिगू एकमेकांशी बोलत नव्हते आणि माझ्याशी दोघंही. छागल नव्हती म्हणून सखारामजींनी एक डबा गोडं पाणी बरोबर दिलं होतं. बोरगावपाशी तो मी त्या बाईंच्या दारात ठेवून आलो. मामानं या खेपेला "अबे" सुद्धा म्हटलं नाही.

अमरावतीला आल्यावर खालची तोटी सोडून रेडिएटर धुतला, पुन्हा पुन्हा भरला, पुन्हा सोडला. झाकणाच्या कडेला एक पांढरी खारट कड मात्र बसलीच. घासली तर जाईल, पण मी घासत नाही. हाताचा डाग काळपट पडला आहे. मामीनं त्यावर कोरफड लावता लावता विचारलं की फुलं आवडली का तिकडच्यांना.

अकोल्याहून नकार आला, नीट शब्दांत. दिगूला नागपूरची मुलगी पाहताहेत, आगगाडीनं. आणि परवा शेजारच्या मावशी भिंतीवरून मामीला सांगत होत्या, खामगावचे पाहुणे चहाचा एक घोट घेऊन उठले म्हणे. "चहा खारा लागला त्याइले. पोरीनं कोन्त्या हिरीचं पानी घेतलं कोनास ठाऊक! घरची हिर तं अमृतासारखी हाय बाप्पा!"

मी मोटरीखाली होतो. डोकं वर आपटलं.

जूनला वेळ आहे. रोज सकाळी यंत्र गार असताना झाकण काढून पाणी पाहतो. अकोल्याला उद्याच जावं असं दिवसातून कितीदा तरी वाटतं. मग मी छागल भरून कडीला टांगतो, ती थोडी ठिबकते, आणि कोपऱ्यात फेकलेलं तर्कशास्त्र उघडून बसतो. अजूनही त्यात काही दम नाही.