नाकाची साक्ष

कामावरून आली की आत्या उंबऱ्याबाहेरच थांबायची आणि विचारायची, "वास येतोय का हो?" वर्तमानपत्रातून मान वर न करता तिचे यजमान, म्हणजे काका, "नाही" म्हणायचे. मग ती आत यायची.

गावाचं सांडपाणी टाक्यांमधून निवळवून समुद्रात सोडणाऱ्या केंद्रात ती कामाला होती. शेवटच्या टाकीतलं पाणी ती रोज काचेच्या बाटलीत घ्यायची, उजेडात धरायची आणि हुंगायची. पाणी नीट असेल तर ओल्या मातीचा मंद वास. बिघडलं असेल तर नासक्या अंड्याचा. पाणी तपासायचा मीटर होता, पण पंपवाल्याने एकदा गमतीने तो चहात बुडवला, तेव्हाही त्याने सगळं ठीक असल्याचंच दाखवलं होतं.

एके दिवशी बाटलीला कसलाच वास आला नाही. पाणी बिघडलं की आपलं नाक, तिला कळेना. तिने साबण हुंगला. वास आला, पण तो येतोय की नुसता आठवतोय, याची खात्री होईना. डब्यातला कांदा फोडला, तर डोळ्यांत पाणी आलं. पण ती साक्ष डोळ्यांची. पंपवाल्यापुढे बाटली धरली, तर तो म्हणाला, "बाई, माझं नाक फक्त चष्मा टेकवायला."

समुद्राकडची झडप उघडायची वेळ झाली होती. शाळा सुटली की गावातली पोरं तिथेच पुढे डुंबायची. पाणी खराब असताना झडप उघडावी, तर पोरं आजारी पडणार. बंद ठेवावी, तर टाकी भरून खालच्या गल्लीत गटारं तुंबणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शहरातल्या प्रयोगशाळेचं उत्तर दुसऱ्या दिवसाशिवाय मिळणार नव्हतं.

घर मागच्याच रस्त्यावर होतं. बाटली फडक्यात गुंडाळून ती आली आणि उंबऱ्याबाहेरूनच तिने ती पुढे केली. काकांनी हुंगली. "नाही," ते म्हणाले. इतक्या सहज, की तिला शंका आली.

"आणि माझ्या अंगाला? खरं सांगा."

काका चष्मा पुसत राहिले. "रोज यायचा. पण तू दमलेली असायचीस. येतो म्हटलं असतं, तर दारातच उभी राहिली असतीस."

म्हणजे इतकी वर्षं ती लग्नांना गेली, बसमध्ये लोकांना खेटून बसली, ती तो वास अंगावर घेऊनच. हसावं की रडावं, तिला सुचेना. तिने बाटली पुन्हा पुढे केली. या वेळी काका म्हणाले, "येतोय की. जरासा. अंड्यासारखा." पण हे खरं होतं, की तिचा चेहरा बघून म्हटलेलं? ते त्यांनाही सांगता येईना.

झडप बंद राहिली. आत्याने टाकीत हवा सोडून पाणी घुसळत ठेवलं. खालच्या गल्लीत घोटाभर पाणी साचलं, लोकांनी तिचा उद्धार केला आणि एक बाई तर तिची चप्पल वाहून गेल्याचं खास घरी येऊन सांगून गेली. प्रयोगशाळेकडे पाठवलेली बाटली वाटेत फुटली. दुसरी पाठवली तोवर टाकीतलं पाणी निवळलं होतं. उत्तर आलं, ठीक. त्यावरून आदल्या दिवशीचं काहीच कळलं नाही. पोरं डुंबली, कुणी आजारी पडलं नाही. पण झडपच बंद होती म्हटल्यावर त्यातूनही काही सिद्ध होईना.

शेवटी झडप उघडून आत्या घरी आली आणि नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली. "वास येतोय का हो?"

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हो म्हणावं की नाही, त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "थोडासा."

"मग अंघोळीला पाणी तापत ठेवा," आत्या म्हणाली.